सही राहिलेलं पान

फोन आला तेव्हा माझ्या हातात फिल्टर पेपरचं पाकीट होतं. टेंभी नाक्याच्या पुढच्या गल्लीत प्रयोगशाळेचं सामान विकणारं एक जुनं दुकान आहे. मला निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, तरी तिथला माणूस मला अजून कॉलेजचाच समजतो. मी म्हटलं, कॉलेजचं नाही, घरचं काम आहे. तो हसला. घरच्या कामाला फिल्टर पेपर नेणारं गिऱ्हाईक त्याने पहिल्यांदाच पाहिलं असावं. पाकीट पिशवीत टाकत होतो तेवढ्यात फोन वाजला. मेघना होती. मेघना म्हणजे आप्पा दातारांची भाची, कल्याणला राहते. "काका, मामी गेली," ती म्हणाली. आणि मी विचारलं, "कुठे?"

या प्रश्नाची मला अजून लाज वाटते. पण तिची मामी, म्हणजे आमच्या कॉलेजातल्या दातार मॅडम, अशा जातील हे माझ्या मनातच कधी आलं नव्हतं. आजारी होते ते आप्पा, त्यांचे यजमान. विसरत होते ते आप्पा. मॅडम सत्तराव्या वर्षीही खुर्चीवर चढून माळ्यावरचे डबे काढत होत्या आणि मी ओरडलो की, "कांबळे, खुर्ची धरा, सल्ला नको," म्हणत होत्या. त्या दिवशी सकाळी बाल्कनीतल्या टबांना पाणी घालता घालता त्या स्टुलावर बसल्या, त्या उठल्याच नाहीत. डॉक्टरांनी हृदय म्हणून सांगितलं. आप्पा आत चहाची वाट बघत बसले होते. किती वेळ बसले होते, ते सांगायला कोणी नाही. कामाच्या बाईंकडे किल्ली होती म्हणून दार तरी उघडलं.

याला आता दीड महिना झाला. माजी विद्यार्थ्यांनी कॉलेजात सभा घेतली. डॉ. विजया दातार यांचा वनस्पतींमधल्या द्रव्यांचा अभ्यास, त्यांची शिस्त, त्यांचा खादीचा पदर आणि त्यावरचे आम्लाचे डाग, सगळ्यावर लोक चांगलं बोलले. मलाही बोलायला सांगितलं. मी उठलो, दोन वाक्यं बोललो आणि बसलो. जे बोलायचं होतं ते सभेत बोलण्यासारखं नव्हतं… ते इथे लिहितो आहे.

ठाण्याच्या त्या कॉलेजात मी बत्तीस वर्षं प्रयोगशाळा सहायक होतो. द्रावणं बनवायची, काचेची भांडी धुवायची, मुलांनी फोडलेल्या ब्युरेटची नोंद ठेवायची. आमच्या विभागात प्राध्यापक बरेच होऊन गेले. त्यातले निम्मे मला 'अरे' म्हणायचे आणि उरलेले काहीच म्हणायचे नाहीत, नुसती मान हलवायचे. मॅडम पहिल्या दिवसापासून 'अहो कांबळे' म्हणाल्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मी बनवलेलं द्रावण स्वतः तपासून पाहिलं. मला राग आला. राग तोंडावर दिसला असणार, कारण त्या म्हणाल्या की मी स्वतः बनवलेलं असतं तर दोनदा तपासलं असतं. पुढे कळलं की ते खरंच होतं. त्या स्वतःवर सगळ्यात कमी विश्वास ठेवायच्या.

त्यांची एक पद्धत सगळ्या कॉलेजात प्रसिद्ध होती. प्रॅक्टिकल संपलं की मुलं जर्नल घेऊन टेबलापाशी रांग लावायची. इतर मास्तर रीडिंगवर नजर टाकून सही ठोकायचे. मॅडम पेनाचं टोपण काढायच्या, पानावर नजर फिरवायच्या आणि मुलाच्या तोंडाकडे बघून विचारायच्या, "अजून काही?" एवढंच. ज्याने शेजाऱ्याचं रीडिंग उतरवलेलं असे त्याच्या कपाळाला घाम यायचा. जो कबूल करायचा त्याच्या पानावर लाल शाईत 'पुन्हा करा' यायचं, आणि पुन्हा केल्यावर पूर्ण मार्क मिळायचे. जो 'नाही मॅडम' म्हणायचा आणि ते खोटं असायचं, त्याला त्या रागावायच्या नाहीत. जर्नल मिटून परत द्यायच्या. सही नाही. आणि ते पान वर्ष संपेपर्यंत कधीही घेऊन यायची मुभा होती. मुलं एकमेकांना सांगायची, अरे माझी सही राहिलीये. एक मुलगी ऑगस्टमधलं पान घेऊन मार्चमध्ये आली होती. दाराशी अर्धा तास उभी होती. मॅडमनी तिला काही विचारलं नाही, मला म्हणाल्या, कांबळे, हिला ब्युरेट लावून द्या. मी कुरकुरलो, भांडी सगळी धुऊन ठेवली होती. पण दिली लावून.

आम्ही दोघं एका वर्षाच्या अंतराने निवृत्त झालो. नोकरीत असताना गुरुवार हा शेवटच्या वर्षाच्या प्रॅक्टिकलचा दिवस, सकाळपासून संध्याकाळपर्यंत उभं राहायचं. निवृत्तीनंतर गुरुवार उजाडला की मला कसंतरी व्हायचं. माझी बायको तोवर गेली होती, मुलगा पुण्यात, त्याचा फोन रविवारी. कोपरीच्या दोन खोल्यांत किती फेऱ्या मारणार? एका गुरुवारी सहज म्हणून डोंबिवलीला मॅडमच्या घरी गेलो. दार उघडून त्या म्हणाल्या, "बरं झालं आलात, मलाही सुचत नव्हतं." त्यानंतर गुरुवार ठरूनच गेला. अकराला पोचायचं, चहा, थोडं वाचन, थोडी भांडणं, एकला निघायचं. आप्पा दाराजवळच्या वेताच्या खुर्चीत पेपर घेऊन बसलेले असायचे. बँकेतून निवृत्त झालेला, हसतमुख, नाट्यगीतं गुणगुणणारा माणूस. मला नेहमी म्हणायचे, "कांबळे, हिला कॉलेजात तुम्ही सहन कसं केलंत, ते मला एकदा शिकवा."

मग आप्पा तेच वाक्य एका सकाळी तीनदा म्हणाले. पहिल्यांदा मी हसलो, दुसऱ्यांदाही हसलो. तिसऱ्यांदा मॅडमकडे पाहिलं, तर त्या कपाकडे बघत होत्या. पुढचे महिने कोणत्याही घरात जातात तसेच गेले. किल्ल्या फ्रीजमध्ये, चष्मा तांदळाच्या डब्यात, भाजी आणायला गेलेला माणूस रिक्षावाल्याने पत्ता विचारत विचारत घरी आणून सोडलेला. तपासण्या झाल्या. अल्झायमर. हा शब्द मॅडमनी मला सांगितला तेव्हा त्यांचा आवाज वर्गात शिकवताना असायचा तसा सपाट होता. त्यांना तो शब्द नवा नव्हता. आयुष्यभर त्यांनी ज्या वनस्पतींवर काम केलं त्यांतल्या काही याच आजारासाठी तपासल्या जात होत्या. त्यांच्या कपाटात त्या विषयावरचे कागद गठ्ठ्याने होते, आणि आता तो आजार दाराजवळच्या खुर्चीत येऊन बसला होता.

आजाराची बातमी पसरली तशी औषधंही यायला लागली. कोणी हळदीचं दूध, कोणी खोबरेल तेल, कोणी अक्रोड, कारण म्हणे अक्रोड मेंदूसारखा दिसतो. फोनवर रोज दहा निरोप. मॅडम वैतागायच्या. म्हणायच्या, दिसण्यावरून औषध ठरायला लागलं तर घेवड्याचे दाणे मूत्रपिंडाला द्या. हळदीतल्या पिवळ्या द्रव्यावर त्यांनी स्वतः काम केलं होतं. काचेच्या नळीत ते काय काय करामती करतं आणि पोटात गेल्यावर अंगाला किती थोडं लागतं, हे त्या कोणालाही तासभर समजावत. पण झाडांवर त्यांचा राग नव्हता. उलट आप्पांना डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांपैकी एक मुळात थंड देशातल्या एका पांढऱ्या फुलाच्या कांद्यात सापडलेली आहे, हे सांगताना त्यांचे डोळे चमकत. बरं नाही करत ती, थोडे दिवस आधार देते, असंही लगेच जोडत. "झाडात मिळालं म्हणून ते गरीब नसतं, कांबळे," त्या म्हणायच्या. "धोतराही झाडच आहे."

आणि तरीही एका गुरुवारी गेलो तर बाल्कनीत तीन प्लास्टिकचे टब, त्यांत चिखल, आणि चिखलात छोट्या जाडसर पानांची ब्राह्मी. बाजारात ब्राह्मी म्हणून दुसरीच गोल पानांची वनस्पती गळ्यात मारतात, म्हणून त्यांनी ओळखीच्या वनस्पतीशास्त्राच्या बाईंकडून रोप आणून स्वतः वाढवलं होतं. त्याच म्हणाल्या की या झाडावर थोडंफार काम झालंय, निरोगी माणसांत बरं, या आजारात फारसं काही हाती नाही. आप्पांच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, आमच्या गोळ्या बंद करू नका, पोटाकडे आणि नाडीकडे लक्ष ठेवा, आणि आशा ठेवू नका. पहिल्या दोन गोष्टी मी करीन, असं मॅडमनी त्यांना सांगितलं होतं.

इतर कुठल्याही घरात बायकोने रोज चमचाभर अर्क नवऱ्याला दिला असता आणि देवाला हात जोडले असते. पण या दातार मॅडम. त्या म्हणाल्या, मी देणार आणि मीच बघणार, तर मला जे बघायचंय तेच दिसेल. म्हणून दोन बाटल्या करायच्या, अ आणि ब. एकीत ब्राह्मीचा अर्क. दुसरीत नुसतं पाणी, त्यात किराइताचा कडूपणा आणि जळक्या साखरेचा रंग, म्हणजे चवीवरून, रंगावरून कोणाला कळू नये. एक महिना अ, एक महिना ब, असे सहा महिने. कोणत्या बाटलीत काय हे त्यांना कळता कामा नये. ते फक्त मला माहीत असणार. मी नाणं उडवून ठरवायचं, कागदावर लिहायचं, लिफाफा चिकटवून वर सही करायची. लिफाफा त्यांच्या कपाटात, बाटल्या भरायचं काम माझ्याकडे, कोपरीला. रोज सकाळी चहानंतर त्या आप्पांची परीक्षा घेणार. घड्याळाचं चित्र, रुमालाखाली झाकलेल्या पाच वस्तू, आणि ठाण्यापासून कल्याणपर्यंतची स्टेशनं क्रमाने. आप्पांनी नोकरीभर त्याच रुळांवरून ये-जा केली होती. ठाणे, कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवली, ठाकुर्ली, कल्याण. मार्क वहीत.

मी घरी आलो, नाणं उडवलं. अ मध्ये अर्क, ब मध्ये पाणी. कागदावर लिहिलं, लिफाफा चिकटवला, सही केली. अ बाटली भरली. मग ब बाटली घेतली आणि मॅडमनी करून दिलेलं ते काळं कडू पाणी ओतायला लागलो… आणि मला माझी आई आठवली. ती याच कोपरीत, चाळीतल्या खोलीत, अशीच विसरत विसरत गेली. या आजाराला काही नाव असतं हे तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं, आम्ही म्हातारपण म्हणायचो. शेवटी शेवटी ती मला 'साहेब' म्हणायची. हात जोडून म्हणायची, "साहेब, मला घरी सोडा, पोर वाट बघत असंल." पोर म्हणजे मी. तिला आम्ही कसलंच औषध दिलं नाही, कारण देण्यासारखं काही असतं हेच माहीत नव्हतं. आणि आता स्वतःच्या हाताने मी आप्पांसाठी रंगवलेलं पाणी भरत होतो, एक महिना, तीन महिने, त्यांच्याकडे मुळात किती महिने आहेत ते ठाऊक नसताना. मला ते जमलं नाही. मी कडू पाणी मोरीत ओतलं आणि ब मध्येही अर्कच भरला.

एकदा केलं की पुढे सोपं जातं. मॅडम तीन महिन्यांपुरताच अर्क द्यायच्या, मला सहा महिन्यांचा हवा होता. त्यांच्याकडून ब्राह्मीच्या चार काड्या मागून घेतल्या, मला आवडलं झाड म्हणून. माझ्या खिडकीत टब ठेवला. पानं सावलीत वाळवली, त्यांच्याच पद्धतीने, त्यांच्याच मापाने अर्क काढला. बत्तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या सांगण्यावरून द्रावणं बनवली. आपल्या मर्जीने बनवलेलं हे एकच. खरं सांगायचं तर मला त्या दिवसांत फार बरं वाटत होतं. आपण कोणाला तरी लपूनछपून वाचवतो आहोत असं वाटत होतं.

आणि आप्पा टिकून होते. डॉक्टरही म्हणाले, घसरण दिसत नाही. स्टेशनं कधी सहा, कधी सात. एका गुरुवारी तर सगळी आठ सांगितली आणि वर म्हणाले, "कल्याणला उतरा, पुढे मी येणार नाही." मॅडम कितीतरी दिवसांनी मोठ्याने हसल्या. मी मनात म्हटलं, बघा. फक्त आप्पांचं पोट सारखं बिघडत होतं. जेवण जात नव्हतं, वजन उतरलं, पँट पट्ट्याने बांधायला लागायची. मॅडमनी वहीत तेही लिहिलं होतं. त्यांनी विचार केला की पोट अ आणि ब, दोन्हींच्या महिन्यांत सारखंच बिघडतंय, म्हणजे ते अर्कामुळे नाही. मग पोटाचे डॉक्टर, तपासण्या, नळी घालून बघणं. त्या नळीच्या वेळी आप्पा घाबरून लहान मुलासारखे रडले, असं मॅडमनी मला सांगितलं. मी मान खाली घालून चहा पीत होतो. तेव्हाच बोलायला हवं होतं. पण म्हटलं, आता थोडेच दिवस राहिलेत.

सहा महिने झाले. लिफाफा माझ्यासमोर उघडला. मॅडमनी अ चे मार्क एकीकडे मांडले, ब चे एकीकडे, दोनदा बेरीज केली. मग चष्मा काढला. "फरक नाही, कांबळे," त्या म्हणाल्या. "आपली ब्राह्मी पाण्यासारखीच निघाली." त्यांचा चेहरा मी विसरू शकत नाही. निराशा होती, पण तिच्या खाली एक प्रकारची सुटकाही होती. खरं काय ते कळलं, वाईट असलं तरी कळलं, अशी. आणि ते खरं नव्हतं. फरक दिसणार कुठून, दोन्हींत एकच होतं. अर्काने आप्पांना धरून ठेवलं होतं की आजारच तेवढे दिवस थांबला होता, हे त्या दोन बाटल्यांमधून कळू शकलं असतं. तेवढ्यासाठीच तर त्यांनी मनावर दगड ठेवून तीन महिने नवऱ्याला पाणी पाजायची तयारी केली होती. ते कळायची वाट मी बंद करून टाकली होती. मी म्हटलं, "असं होतं कधी कधी." असलं काहीतरी म्हटलं.

त्यांनी अर्क बंद केला. आठवड्याभरात आप्पांचं पोट सुधारलं, जेवायला लागले. मला वाटलं, चला, सुटलो.

त्यानंतरच्या गुरुवारी निघताना मॅडम नेहमीप्रमाणे दारापर्यंत आल्या. मी चपला घातल्या. आप्पा खुर्चीत. मॅडमनी माझ्याकडे बघून विचारलं, "अजून काही?" मी म्हटलं, नाही. त्या म्हणाल्या, "बरं. या." पुढच्या गुरुवारीही तेच. त्याच्या पुढच्याही. दोन वर्षं, एकही गुरुवार न चुकता. मला वाटलं वय झालं, कॉलेजची सवय तोंडात बसली आहे. एकदा मी चेष्टाही केली, मॅडम, माझं जर्नल सही करायचं राहिलंय का? त्या हसल्या नाहीत. "विचारलं सहज," म्हणाल्या.

या दोन वर्षांत आप्पा उतरत गेले. स्टेशनं पाचवर आली, मग चारवर. मॅडमचं नाव आधी गेलं, मग मॅडम कोण ते गेलं. एकदा त्यांनी मॅडमना विचारलं की तुमचे मिस्टर काय करतात. मॅडमनी सांगितलं, बँकेत होते, फार छान गातात. मी समोर बसलो होतो. त्या घरात दोन माणसं राहत होती, पण एकटं राहणं म्हणजे काय ते मला माझ्या घरात जेवढं कळलं नाही तेवढं तिथे कळलं. मला कितीदा वाटायचं की पाया पडावं आणि सांगून टाकावं. पण आता सांगून काय होणार, त्यांना आणखी एक दुःख कशाला, असं म्हणून परत यायचो. हा कळवळा त्यांच्यासाठी नव्हता, माझ्यासाठी होता, हे समजायला त्यांना जावं लागलं.

शेवटची भेटही गुरुवारचीच. टबांतली ब्राह्मी पुन्हा फोफावली होती. मॅडम म्हणाल्या, "एकदा पुन्हा करावं म्हणते. अर्ध्या मापाने, पोट सांभाळून. येताना फिल्टर पेपर आणाल?" मी विचारलं, आता काय उपयोग होणार मॅडम? त्या म्हणाल्या, यांना नसेल होणार, पण मला कळायला हवं. मग थोडं थांबून, "बाटल्या या वेळीही तुम्हीच भरायच्या." दाराशी आलो. त्यांनी विचारलं, "अजून काही?" मी चपलेचा अंगठा सरळ करत राहिलो… आणि म्हटलं, नाही. "बरं. या."

मी ठरवलं होतं की या वेळी नीट करायचं. ब मध्ये पाणीच भरायचं. आणि पहिली बाटली देताना जुनं सगळं सांगायचं. खरंच ठरवलं होतं. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

डोंबिवलीचं घर आवरताना मेघनाने मला बोलावलं. एक वही पुढे केली, म्हणाली, "काका, ह्याच्यात तुमचं नाव आहे, म्हणून फेकली नाही." घरी येऊन उघडली. सहा महिन्यांचे मार्क, नाडी, पोट, सगळं त्यांच्या टोकदार अक्षरात. मधे टाचणीने लावलेला माझा लिफाफा. आणि शेवटच्या पानावर सेलोटेपने चिकटवलेली बोटभर लांबीची पत्र्याची पट्टी. ही पट्टी मी आयुष्यात हजारदा कापून दिली आहे. पांढऱ्या थरावर खाली द्रावणाचे थेंब ठेवायचे, पट्टी द्रावकात उभी करायची, आयोडीनच्या वाफेत धरली की द्रव्यांचे ठिपके वेगवेगळ्या उंचीवर उमटतात. ते उडून जातात म्हणून त्यांच्याभोवती पेन्सिलीने गोल काढून ठेवायचे. थेंब तीन होते. पहिल्याखाली लिहिलं होतं अ, दुसऱ्याखाली ब, तिसऱ्याखाली 'किराईत-पाणी, माझ्याकडचं'. अ आणि ब चे गोल एका रेषेत, एकाशेजारी एक. तिसऱ्याचे पार वेगळे. खाली तारीख होती. लिफाफा उघडला त्याच्या पुढच्याच आठवड्यातली, मंगळवारची. अर्क बंद होताच पोट इतकं झटकन कसं सुधारलं, असा प्रश्न त्यांना पडला असणार. बाटल्यांत तळाशी राहिलेले थेंब त्यांनी तपासले होते.

म्हणजे पहिल्यांदा दाराशी 'अजून काही?' विचारलं, त्याच्या दोन दिवस आधी त्यांना सगळं कळलं होतं.

पट्टीखाली त्यांनी 'निष्कर्ष' असं लिहून पुढे जागा सोडली होती. त्याखाली 'सही', आणि पुढे काही नाही. माझ्यावर एक अक्षर नाही. शिवी नाही, प्रश्न नाही. नुसतं सही राहिलेलं पान, वर्ष संपेपर्यंत कधीही घेऊन येण्यासाठी… मी बत्तीस वर्षं त्या टेबलाशेजारी उभा होतो. त्या मुलीला मीच ब्युरेट लावून दिली होती.

आप्पा आता मेघनाकडे, कल्याणला असतात. पहिले काही दिवस ते "विजया कुठे आहे" असं विचारायचे, कारण बायको ओळखू येईनाशी झाली तरी नाव मधूनच परत आलं होतं. मेघना खरं सांगायची, आणि दर वेळी त्यांना ते पहिल्यांदाच कळायचं. चौथ्या वेळी तिच्याने बघवलं नाही. तेव्हापासून ती सांगते की मामी कॉलेजला गेलीये, येईल. ते मान डोलावतात. गुरुवारी मी जातो, अकराला. वेताची खुर्ची तिने दाराजवळच ठेवली आहे. आम्ही स्टेशनं म्हणतो. ठाणे, कळवा, मुंब्रा, आणि दिव्याला आप्पा थांबतात. पुढची मी एकटा म्हणतो.

पहिल्या गुरुवारी एक वाजता मी उठलो. चपला घालायला वाकलो, तर मागून आप्पांचा आवाज आला, "अजून काही?" त्यांनी दोन वर्षं, दर गुरुवारी, त्याच खुर्चीत बसून हे ऐकलं होतं. बाकी सगळं गेलं, हे राहिलं. मी चपला काढल्या आणि परत आत येऊन त्यांच्यासमोर बसलो. म्हटलं, "आहे, आप्पा. दोन्ही बाटल्यांत मी अर्कच भरला होता. मॅडमना फसवलं. तुमच्या पोटाचे हाल झाले, तेही माझ्यामुळे." ते लक्ष देऊन ऐकत होते, काउंटरपलीकडच्या माणसाचं ऐकावं तसे. त्यांना काय कळलं, काय नाही, देव जाणे. दर गुरुवारी ते विचारतात, दर गुरुवारी मी सांगतो, आणि त्यांना ते दर वेळी नवीन असतं. त्यांचं उत्तरही दर वेळी एकच असतं. माझ्या हातावर हात ठेवून, आवाज खाली आणून ते म्हणतात,

"हे मला नको, तिला सांगा. येईलच ती इतक्यात."

मी म्हणतो, सांगतो. आणि थोडा वेळ आम्ही दोघं दाराकडे बघत बसतो.